मोहफुलांची रेघ

१९ एप्रिल १९५७, शुक्रवार

राज्यं बुडतात तेव्हा इतिहास त्याची नोंद घेतो. माझ्याकडून पेपर मनातल्या मनात वाचण्याचं सुख हिरावलं गेलं आहे आणि इतिहासाला त्याचं काही नाही. म्हणून ही नोंद मलाच करावी लागते.

नागपूरचा पेपर रेल्वेनं गोंदियाला उतरतो, तिथून सायकलवर नागऱ्याला येतो आणि माझ्या ओसरीवर पडतो तोवर दुसरा दिवस उजाडलेला असतो. म्हणजे जग मला कायम एक दिवस शिळं मिळतं. त्याबद्दल तक्रार नाही. शिळा भात मी आवडीनं खातो. पण तो माझा मला खाऊ द्यावा.

दिवाळीपासून पुनाराम रोज सकाळी पेपरच्या मागोमाग येतो. भिंतीला पाठ लावून बसतो आणि म्हणतो, "वाच." पुनाराम माझा शाळासोबती. जातीनं कोहळी, तलाव बांधणाऱ्यांतला. वय माझंच, अठ्ठेचाळीस. सासऱ्याची जमीन कसायला इकडे आला आणि इथलाच झाला. चांगला सातवी पास आहे. मी म्हटलं, "तुले वाचता येत नाही का बे?" तर म्हणे, "येते ना. पन तुहा आवाज चांगला आहे."

पंचवीस वर्षं मास्तरकी केली, माझ्या आवाजाला आजवर फक्त शाळा तपासनीसानं शेरा दिला होता, आणि तो चांगला नव्हता. या लबाडाला सहा महिने मी केसांच्या तेलाच्या जाहिरातीसुद्धा मोठ्यानं वाचून दाखवल्या. आज म्हटलं, "बस झालं. आजपासून मोठ्यानं वाचन बंद."

तो उठला, समोर ठेवलेल्या कपबशीला लाथ मारून निघून गेला. दिवाळीपासूनची ही तिसरी कपबशी. सुलोचनाबाई, म्हणजे आमच्या घरचं गृहखातं, तुकडे गोळा करत म्हणाल्या, "त्याइच्या हातात देत जा ना कप. खाली कायले ठेवता?"

मी म्हटलं, मी काय त्याचा खानसामा आहे?

२२ एप्रिल

आला. चार दिवसांचा अबोला तीन दिवसांत मोडला. पेपरचं नाव काढलं नाही, ही त्याची हुशारी.

प्रकरण गंभीर आहे. त्याचं मूळ गाव पळसटोला, कोहमाऱ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. तिथला तलाव त्याच्या खापरपणजोबानं बांधलेला. इतरांच्या घरी पूर्वजांच्या तलवारी असतात, कोहळ्यांच्या घरी तलाव. हा तलाव तीन वर्षांपूर्वी फुटला. पाळ, म्हणजे मातीचा बांध, वाहून गेली आणि गाळात नुसते बगळे उरले. आता सरकारनं नवी पाळ मंजूर केली आहे. ओव्हरसियरनं दुर्बीण लावून लाल झेंड्या रोवल्या. गावातले म्हातारे म्हणतात, झेंड्यांखाली वाळू आहे, पाणी ठरणार नाही. ओव्हरसियर म्हणतो, मग तुम्हीच रेघ आखून दाखवा. अक्षय तृतीयेला माझी कुदळ पडणार, त्याआधी.

पळसटोल्यात पाळीची रेघ आखायचा मान एकाच घराचा. पुनारामच्या. बाप गेल्यावर तो मान याच्याकडे आला आणि गेली अकरा वर्षं त्याला काही कामच नव्हतं.

"उदाराम येऊन गेला," तो म्हणाला. उदाराम त्याचा चुलतभाऊ, तिकडची शेती पाहतो. "चाळीस घरं आहेत मास्तर. तीन सालं झाले, धान पोटरीत येते अन् वाळते. आता पाळ चुकली तं गाव उठते. अर्धे तं आताच रायपूरकडे मजुरीले जाऊन राहिले."

"मंग जा ना. आख रेघ."

"तू चाल."

"मले कायले नेतं? मले पाळीतलं काय समजते?"

"काही नाही समजत," तो म्हणाला, "म्हनूनच तं. तू दिसते तेच सांगशील."

ही स्तुती की अपमान, हे ठरवण्यात माझा अर्धा तास गेला. तोवर मी हो म्हणून बसलो होतो. परीक्षा झाली आहे. चौथीचे भूगोलाचे पेपर सोबत घेतो, तपासायचे आहेत.

२५ एप्रिल, गोरेगाव

प्रवासाचा पहिला दिवस. अंतर कापलं नऊ मैल.

पुनारामची जीप लढाईनंतर अमेरिकनांनी टाकून दिलेली, त्यानं अठ्ठेचाळीस साली लिलावात घेतलेली. ती टाकून देण्यात अमेरिकनांची दूरदृष्टी होती. मागे कळीच्या चुन्याचं पोतं (रेघ आखायला), पीठ, तांदूळ, सुलोचनाबाईंनी दिलेलं आंब्याचं लोणचं, आणि चौथीचा भूगोल. निघताना पुष्पाबाईंनी, म्हणजे पुनारामच्या कारभारणीनं, मला बाजूला घेतलं. "मास्तर, त्याइले एकटं सोडू नका. पान्यापाशी तं नाहीच."

पाणी म्हणजे मोहाची दारू, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. पुनाराम पितो हे मला ठाऊक नव्हतं. माणूस किती खोल असतो.

सुरुवातीला गाडी त्यानंच हाकली. एकदम संथ, लग्नाच्या वरातीसारखी. मग गोरेगावच्या अलीकडे भर दुपारी, लख्ख उन्हात, रस्ता सोडून सरळ एका तणसाच्या ढिगात गेली. वाळल्या पेंढ्याचा हत्तीएवढा ढीग. गाडी अशी आत शिरली की बाहेरून फक्त मागचं चाक आणि माझा आवाज येत होता.

"तुले दिसला नाही का तो?" मी तोंडातलं तणस थुंकत विचारलं.

"तनीस रस्त्यावर ठेवते का कोनी?" तो म्हणाला.

"रस्त्यावर नव्हतं! तू वावरात आला!"

तो बराच वेळ हसला. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली. "तूच हाक. मिलचा ट्रक हाकलला होता ना तू एकदा."

एकदा हे खरं. तो ट्रक अजून नाल्यात आहे. पण असा मालकपणा मी पाहिला नाही: स्वतः आरामात बसायचं आणि मास्तरला ड्रायव्हर करायचं. बाकी सगळ्या वाटेत त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, मी जणू त्याच्या घरचा कठडा. शिवाय सारखं, "आता काय आलं? आता काय दिसते?" मी सांगत गेलो. काय करणार, भूगोल माझाच विषय.

२६ एप्रिल, कोहमारा

आज आम्ही भर चौकात आग लावली, आणि तीही पाण्यानं.

कोहमाऱ्याला इंजिन तापलं. चौकात मुन्नालालचं चहाचं दुकान आहे. चहा, हवा, पंक्चर, सगळं एकाच बाकावर. पुनारामनं बादलीभर पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. निम्मं राहिलं. ते त्यानं "नालीत फेकतो" म्हणून भिरकावलं ते थेट जीपच्या मागच्या भागात, चुन्याच्या पोत्यावर.

कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो काय करतो, हे मी पाचवीला शिकवतो. प्रत्यक्ष पाहण्याचा योग आज आला. आधी फुसफुसला. मग पोतं फुगलं. मग पांढरी वाफ अशी उठली की समोरून येणारी बैलगाडी आपण होऊन मागे फिरली.

"आग! गाड़ी में आग!" मुन्नालाल ओरडला आणि दुसरी बादली ओतली. वाफ दुप्पट.

"पानी मत डालो!" मी ओरडलो.

"पागल हो क्या मास्टर? आग में पानी नहीं तो क्या घी डालूँ?" तिसरी बादली.

पोतं फाटलं. उकळता चुना जीपभर झाला. पाच बादल्यांनंतर मुन्नालाल थकून बाकावर बसला. त्याला कळेना की ही आग पाणी पिऊन वाढते कशी. "अमरीकी गाड़ी है," तो शेवटी म्हणाला, "इनकी आग भी अलग होती है."

नुकसान: सगळा चुना. सगळं पीठ. चौथीचा संपूर्ण भूगोल. उत्तरपत्रिकांचा असा लगदा झाला होता की वैनगंगा आणि गंगा एकत्र वाहत होत्या. सगळ्या पोरांना पास करायचं ठरवलं आहे. लोणचं वाचलं.

पुनाराम मात्र रस्त्याच्या कडेला बसून राहिला होता. वाफ संपल्यावर त्यानं मला विचारलं, "नाली कोनत्या बाजूले होती गा?"

"दुसऱ्या."

"हं," म्हणाला. एवढंच. माफीचा एक शब्द नाही.

२७ एप्रिल, पळसटोला

पोचलो. उदाराम, काळा, उंच, बोलायला कमी आणि पाहायला जास्त. आल्या आल्या पुनारामच्या पाया पडला आणि म्हणाला, "दादा, पाच दिवसांवर अक्षय तीज आहे. गाव तुमच्यावर बसून आहे."

गाव खरंच बसून होतं. तीस-चाळीस माणसं पिंपळाखाली. समोर फुटलेला तलाव, कोरडा, भेगाळलेला, आणि त्यात लाल झेंड्या. ओव्हरसियर तरुण आहे, नागपूरचा, डोक्यावर टोपी आणि नाकावर चंदनी मलम. वाईट माणूस नाही. मला चहा देऊन म्हणाला, "गुरुजी, तुमचे मित्र अनुभवी असतील. पण माझ्याकडे यंत्र आहे."

पुनाराम मध्येच म्हणाला, "यंत्र खालून पाहते साहेब. पानी वरून येते."

मग मला कोहळ्यांची रीत सांगितली. रेघ खालून आखायची नसते. आधी डोंगरावर जायचं, जिथं पाणी जन्मतं. मग पाण्यासोबत चालत खाली यायचं. "पानी जिथं थकते, जिथं बसाले पाहते, तिथं पाळ घालाव."

"आता एप्रिलात पाणी कुठं आहे चालायला?"

"वर नसते तवा खाली चालते," तो म्हणाला आणि जोडे काढून उदारामकडे दिले.

अनवाणी. एप्रिलात. डोंगरावर. मी म्हटलं, "कंजूस आहेस हे ठाऊक होतं, जोड्यांचे तळवेही वाचवशील हे नव्हतं."

२८ एप्रिल, डोंगरावर

गुडघ्यावर वही ठेवून लिहितो, म्हणून अक्षर असं. चढ संपता संपेना. साग सगळे झडलेले, सावली म्हणून नावाला नाही, पायाखाली वाळक्या पानांचा एवढा आवाज की दोन माणसं चालली तर पलटण वाटावी. पुनारामनं माझा खांदा एकदाही सोडला नाही. मी म्हटलं, "उजवा दुखतो." त्यानं डावा धरला.

माथ्यावर वारा आहे. खाली सगळं दिसतं. पुनाराम एका दगडावर बसला आणि म्हणाला, "सांग. काय काय दिसते?"

"तुले डोळे नाहीत का?"

"मास्तर आहेस ना? सांग तं खरं. भूगोल येते का नाही पाहून राहिलो."

सांगितलं. गाव. पिंपळ. झेंड्या. कोरडा नाला, दोन वळणं घेत खाली जाणारा. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवायचा. चूक झाली की दुरुस्त करायचा. "नाही, नाला पहिले उजवीकडे जाते. तिथं मोठा कोहाचा झाड आहे पाहा, त्याच्या खाली आमी पोरं असताना पोहत होतो. दिसते ना?"

कोहाचं, म्हणजे अर्जुनाचं, झाड नव्हतं. तिथं बुंधा होता, कापलेला, जुना. मी तसं सांगितलं.

त्यानं तळवे दगडावर घासले. मग म्हणाला, "मस्करी केली गा. पाहत होतो तुहं ध्यान आहे का."

मग त्यानं पैज लावली. माथ्यावर वारा लागला की माणसाला पैजा सुचतात. त्याची रेघ खरी निघाली तर मी महिनाभर त्याला रोज पेपर वाचून दाखवायचा. मोठ्यानं. जाहिरातींसकट. आणि चुकली तर?

"चुकली," मी म्हटलं, "तर पेपरच्या वेळेले माझ्या ओसरीवर पाय ठेवायचा नाही. कधीच."

"चुकली," तो म्हणाला, "तं मले तुहा पेपर ऐकाचं तोंडच नाही राहनार."

हात मिळवले. त्याचा हात थंड होता, एवढ्या उन्हात.

२९ एप्रिल

आज आम्ही पाण्यासोबत चाललो. पाणी नव्हतं, हे पुन्हा लिहितो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

कोरड्या नाल्यातून पुनाराम अनवाणी खाली आला, बोटं फाकवून, पाऊल असं हळू टाकत जणू खाली कुणी झोपलं आहे. मध्येच थांबे. "इथं थंड आहे." पुढं. "इथं गेलं." मी हात लावून पाहिला, मला सगळं सारखंच तापलेलं. झेंड्यांपाशी आला आणि झटकन पाय उचलला. "वाळू. खाली पानी पळून राहिलं." मग दोनशे पावलं वर, पळसांच्या रांगेजवळ, तो उभा राहिला. बराच वेळ. वाळक्या पानांत तळवे घासले.

"इथं," म्हणाला. "इथं थकते."

रेघ आखायची तर चुना नाही. तो कोहमाऱ्याच्या चौकात आहे, आणि मुन्नालालच्या स्वप्नात. राख? वाऱ्यानं उडेल. दगड? पोरं उचलतील. शेजारून रुख्मा नावाची बाई वाळलेल्या मोहफुलांचं टोपलं डोक्यावर घेऊन चालली होती. मी वैतागून म्हटलं, "मग मोहफुलं टाक!"

हे मी टोमणा म्हणून म्हटलं होतं. पुनारामचा चेहरा उजळला. "चालते! एकदम चालते! वासच असा की अंधारातही माणूस चुकनार नाही."

दारूच्या नादाचा आणखी काय पुरावा हवा?

रुख्मानं टोपलं दिलं आणि पदर तोंडावर धरून हसली. "टाका, टाका. खानारे खातेत." पिणारे म्हणायचं असेल तिला. पुनारामनं वीस-वीस पावलांवर टाचेनं खळगा केला, मी प्रत्येकात मूठभर फुलं दाबली. एकवीस खळगे. पळसाच्या झाडापासून खडकापर्यंत. दारूच्या दुकानासारखा वास. रेघ सरळ, सुबक. ओव्हरसियरसुद्धा लांबून पाहून गेला.

३० एप्रिल

अस्वलानं रेघ खाल्ली.

सगळी. एकवीसच्या एकवीस मुठी. पळसाखाली पाऊल उमटलं आहे, माणसाच्या तळव्यासारखं, फक्त पुढं नखं. आता कळलं रुख्मा का हसली. या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की मोहफुलं पडली की अस्वलं डोंगर उतरतात. एका मास्तरला ठाऊक नव्हतं, आणि एका कोहळ्याला ठाऊक असून त्यानं चालते म्हटलं.

सरकारी काम अडवायला माणसांना कोर्टात जावं लागतं. आमचं काम अस्वलानं एका रात्रीत निकाली काढलं, तेही जेवून.

उदाराम पानांमधून फिरून आला. "दादा, काईच नाही दिसून राहिलं. वाऱ्यानं पानं पडली वरून. परत आखू. रुख्माकडून अजून घेतो."

"राहू दे," पुनाराम म्हणाला.

"परवा तीज आहे दादा!"

"मले माहीत आहे. राहू दे."

हरलेला माणूस असाच बोलतो. मी त्याला समजावलं, शिव्या दिल्या, पुन्हा डोंगर चढायची तयारी दाखवली, ज्याला माझे गुडघे साक्षी आहेत. तो फक्त पायाचे तळवे चोळत बसला. एकदा म्हणाला, "मास्तर, परवा मी जिथं जाईन तिथं माह्यासोबत राहशील ना?"

"चाळीस घरांच्या शिव्या खायला? राहीन."

"बस," म्हणाला.

२ मे, अक्षय तृतीया

घाईत लिहितो, नाहीतर उद्या मलाच वाटेल मी रचलं.

सकाळी सगळं गाव जमलं. ओव्हरसियर टेप घेऊन, मजूर कुदळी घेऊन. उदाराम खाली मान घालून. ओव्हरसियर सभ्यपणे म्हणाला, "पुनारामजी, तुमची रेघ?"

पुनारामनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चाल," म्हणाला. पळसापाशी नेलं. आणि तो चालू लागला, अनवाणी, मान वर, जमिनीकडे एकदाही न पाहता. एवढा ताठा मी कोणत्याही तहसीलदारात पाहिला नाही. पानांमध्ये पाऊल टाकत गेला आणि एकाएकी थांबला. पायानं पानं बाजूला सारली.

खळगा. पण आमचा टीचभर खळगा नव्हे. वास मातीत मुरला होता, म्हणून अस्वलानं नखांनी हातभर खोल खोदला होता.

"एक," पुनाराम म्हणाला.

पुढं वीस पावलं. "दोन." टेप धरलेला मजूर ओरडला, "बरोब्बर!" गर्दी हलू लागली. सातव्यापाशी मी बाजूला एक खळगा पाहिला आणि म्हटलं, "हा बघ इथं." त्यानं पाय घातला, बोटं हलवली. "नाही. हे डुकराचं." दोन पावलं पुढं गेला. "हे आपलं." नखांचे ओरखडे ठळक. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. पुनारामला की अस्वलाला, सांगता येत नाही.

एकवीस. खडकापर्यंत. वाऱ्यानं उडेल अशी रेघ आम्ही आखली होती. अस्वलानं ती जमिनीत कोरून ठेवली. ओव्हरसियरच्या दोन लाल झेंड्या मात्र बकऱ्यांनी खाल्ल्या होत्या. खुणा राखण्याच्या बाबतीत जंगल सरकारपेक्षा सरस निघालं.

मग गावाची रीत. दोन्ही रेघांवर कंबरभर खड्डा आणि प्रत्येकात सात घागरी पाणी. एक विडा चघळून होईपर्यंत थांबायचं; ज्यात पाणी उरेल ती रेघ खरी. "यालाही आमच्याकडे नाव आहे," ओव्हरसियर म्हणाला आणि घड्याळ काढलं. पोराची ही गोष्ट मला आवडली.

बायकांनी घागरी ओतल्या. उदाराम विडा चघळत होता की दात खात होता, कळत नव्हतं. झेंड्यांच्या खड्ड्यातलं पाणी तळाशी गेलं, मग ओल राहिली, मग तीही नाही. आमच्या खड्ड्यात चिकट काळी माती, आणि पाणी, गढूळ, तस्सं. जणू तिथंच राहायला आलं होतं.

 उदाराम खड्ड्याच्या काठावर बसला आणि पाण्यात हात घालून तसाच राहिला. पुनाराम मात्र मला विचारत होता, "उरलं का? मास्तर, उरलं का? सांग ना."

"डोळ्यासमोर आहे ना बे तुह्या!"

"तू सांग."

"उरलं," मी म्हटलं. "सगळं उरलं."

त्यानं माझा खांदा एवढ्या जोरात दाबला की वळ उठला आहे.

ओव्हरसियरनं वही उघडली आणि पेन्सिल कानावरून काढून विचारलं, "खुणा कोणी केल्या, काय लिहू?"

"अस्वल लिहा," मी म्हटलं.

"तसा रकाना नाही गुरुजी." त्यानं विचार करून लिहिलं: स्थानिक जाणकार.

५ मे, नागरा

परत आलो. सगळी वाट गाडी मीच हाकली. कोहमाऱ्याला मुन्नालालनं आम्हाला पाहताच बादल्या आत नेल्या.

पैज हरलो. आज पहिला दिवस. पुनाराम येण्याआधी मीच पेपर घेऊन त्याच्याकडे गेलो. हरलेल्या माणसानं चालत जावं, असा माझा नियम आहे. अग्रलेख, बाजारभाव, हरवले-सापडले, केसांचं तेल. पुष्पाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. डोळे पुसले त्यांनी. अग्रलेखात रडण्यासारखं काही नव्हतं.

१९ मे

पेपर वाचतो आहे. बाकी काही नाही. सुलोचनाबाई आज म्हणाल्या, "तुमचा आवाज सुधारला हो." पंचवीस वर्षांनी.

४ जून

महिना काल संपला. मुदत संपली की देणं संपतं. आज सकाळी पेपर आला, उघडला आणि मनातल्या मनात वाचला. निवांत. इतका निवांत की पहिलं पान दोनदा वाचलं आणि काय वाचलं ते आठवेना. पुनाराम आला नाही. शब्दाचा पक्का आहे.

आठ वाजता पेपर घडी करून त्याच्याकडे गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी चार हातांवर उभा होतो तरी विचारलं, "कोन?"

"मी."

"महिना झाला ना गा कालच."

"झाला," मी म्हटलं. "पन पेपर रोज एक दिवस मागे असतो. म्हणजे रोज एका दिवसाचं देणं राहतेच."

त्यानं हिशेब केला. "मंग हे फिटते कधी?"

"ज्या दिवशी आजचा पेपर आजच येईल, त्या दिवशी."

"नागऱ्याले?"

"नागऱ्याले."

तो इतका हसला की मिशा हलल्या. पुष्पाबाईंनी चहा आणून दोघांच्या मध्ये ठेवला. मी एक कप उचलून त्याच्या हातात दिला, बोटं नीट बसेपर्यंत धरून. खाली ठेवला की हा लाथाडतो. कपबशा महाग झाल्या आहेत.

मग वरच्या कोपऱ्यातून वाचायला सुरुवात केली. तारखेपासून.